काटा आपल्यावरही हवा



कापूस मोजला जातो तेव्हा आपली नजर काट्यावरून हलत नाही. मग गावच्या देवस्थानाच्या, वाचनालयाच्या वर्गणीचे माप कोण पाहणार? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३३ नोंदणीकृत संस्थेकडून दरवर्षी ऑडिट मागते. ऑडिटरची फी जड जाते, हे आम्हाला मान्य. पण पावत्यांचे गाठोडे त्याच्यापुढे ओतले, तर जुळवाजुळवीची मजुरीही आपल्याच माथी. किर्द रोज लिहा, महिन्याला पासबुकाशी ताळा घ्या. चिखली असो की मेहकर, चार गावांच्या संस्थांनी मिळून एकच ऑडिटर गाठावा, फी आधी ठरवावी, मार्च संपताच कागद द्यावेत. सरकारला हिशेब विचारणारे आपण. आपली वही आधी चोख हवी.