भाव कमी, पण माल कुणाचा ते कळतं

‘स्वस्त विकलं की माल हलका वाटतो’ असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. मला हे पटत नाही. फ्रान्समध्ये बघा. लांगदोक, म्यूस्कादे या पट्ट्यांतले छोटे द्राक्षबागायतदार रोजच्या जेवणासोबतची चांगली वाइन थेट आपल्या तळघरातून विकतात. त्यात बोर्दोच्या बड्या नावाचे पैसे नाहीत, मधल्या व्यापाऱ्याचं कमिशन नाही. मग गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवतं? लेबलवर ‘बागेतच बाटलीबंद’ असं छापलेलं असतं. स्वतंत्र उत्पादकांच्या संघटनेचं चिन्हही असतं, खांद्यावर पिंप घेतलेला माणूस. आणि आधी चव, मग खरेदी. (चव घेतल्यावर रिकाम्या हाताने निघणं जड जातं!) तुमच्या लोणच्याच्या स्टॉलवर चवीसाठी चमचा ठेवलाय का?