आडनावांच्या वाटा : बेदमुथा



कामोठे येथील एका वाचक भगिनींचे पत्र संपादकांनी माझ्याकडे पाठविले आहे. त्यांचे सासरचे आडनाव बेदमुथा. मुलाला शाळेत सवंगडी ‘बेदम, बेदम’ म्हणून चिडवितात. शेजारचे पुणेकर गृहस्थ तुमचे मूळ गाव मुठा नदीकाठचे काय, असे विचारतात. एका कागदावर बेदमुथा, दुसऱ्यावर वेदमुथा, तिसऱ्यावर बेदमूथा, असा घोळ आहे तो वेगळाच. तेव्हा दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी पुढचे ‘बेद’ काढून टाकावे आणि सुटसुटीत ‘मुथा’ लिहावे, असे घरात ठरत आले आहे. सासूबाईंना मात्र ते मान्य नाही. कारण विचारले तर ‘आपण नुसते मुथा नव्हेत’ एवढेच त्या म्हणतात. या नावाचा अर्थ काय आणि अर्धे काढल्याने काही बिघडते काय, असा भगिनींचा प्रश्न आहे.

सासूबाईंचे म्हणणे अगदी रास्त आहे. ते का, हे पाहू.

या आडनावाचा वेदांशी संबंध नाही आणि मुठा नदीशी तर मुळीच नाही. मूळ जोडनाव ‘वैद मुहता’ असे आहे. वैद म्हणजे वैद्य. मारवाडीत ‘व’चा ‘ब’ सहज होतो. विवाहाचा जसा ‘ब्याव’ झाला, तसा वैदाचा बैद आणि बैदाचा बेद झाला. ओसवालांच्या कुळकथांत एका पूर्वजाने राजघराण्यातील रुग्ण बरा केला आणि तेव्हापासून त्याच्या वंशाला वैद म्हणू लागले, अशी आख्यायिका आढळते. राजाचे नाव आणि रोगाचे वर्णन सांगणाऱ्यागणिक बदलते, त्यामुळे तपशिलावर भर देण्यात अर्थ नाही. उपकेशगच्छाची परंपरा ओसियां येथील मूळ अठरा गोत्रांत श्रेष्ठी गोत्राची गणना करते आणि वैद मुहता ही त्याची शाखा मानते.

आता दुसरा भाग. ‘मुथा’ हे कुळ नव्हे, हुद्दा आहे. याचे मूळ ‘महत्’ म्हणजे मोठा, या संस्कृत शब्दाच्या परिवारात आहे. आबूच्या लूणवसहीची प्रतिष्ठा विक्रम संवत १२८७ मध्ये झाली, हे आपणांस ठाऊक आहेच. तेथील शिलालेखांत मंत्री वस्तुपाल-तेजपाल यांच्या नावांमागे ‘महं’ असे संक्षिप्त अक्षर कोरलेले आहे. राज्यकारभारातील थोर अधिकाऱ्याची ती पदवी होय. त्याच परिवारातून गुजरातेत मेहता आणि मारवाडात मुहता आले. पुढे गुजरातेत हा शब्द इतका खाली उतरला, की पेढीवर वही लिहिणाराही ‘मेहताजी’ झाला. मंत्र्यापासून कारकुनापर्यंतची ही घसरण मोठी गमतीची आहे. (अर्थात ज्याने चांगल्या मेहताजीशिवाय एक दिवाळी काढली आहे, तो याला घसरण म्हणणार नाही!)

मुहताचा मुथा कसा झाला, हे उच्चारून पाहावे. मधला ‘ह’ पुढे सरकला आणि ‘त’ला चिकटला, ‘त’चा ‘थ’ झाला. आपल्या मराठीत याच्या उलट घडले. ‘महत्तर’ म्हणजे गावचा वडीलधारा, ग्रामप्रमुख. तेथे ‘ह’ मागे सरकून ‘म’ला चिकटला आणि शब्द झाला म्हातारा. म्हात्रे हे आडनावही याच महत्तराकडे नेले जाते. कामोठे, पनवेल, उरण या पट्ट्यात आगरी समाजात हे आडनाव घरोघरी आहे. सिडकोने नगर वसविण्यापूर्वी ज्यांची येथे भातशेती होती, ते म्हात्रे आणि मारवाडातून अहमदनगर-नाशिककडे व तेथून येथे आलेले मुथा हे शब्दांच्या नात्याने एकाच घरचे ठरतात. आपल्या भगिनींच्या इमारतीत एखादे म्हात्रे कुटुंब असल्यास त्यांना हे अवश्य सांगावे.

मुहता ही पदवी असल्याने ती एकाच कुळाकडे राहणे शक्यच नव्हते. जो राज्याच्या दप्तरात मोठ्या जागेवर चढला, त्याच्या घराला ती मिळाली. मारवाडचा इतिहास लिहिणारे नैणसी हे याचे उत्तम उदाहरण. त्यांचा जन्म १६१० चा. महाराजा जसवंतसिंहांचे ते दिवाण होते. त्यांचे कुळ मुहणोत, ज्याचे महाराष्ट्रात मुणोत झाले. परंतु त्यांचा ग्रंथ ‘मुंहता नैणसी री ख्यात’ या नावाने प्रसिद्ध आहे. म्हणजे कुळाने मुणोत आणि पदवीने मुथा! बिकानेरात महाराजा रतनसिंहांच्या काळी दिवाणपद गाजविणारे हिंदुमल हे वैद मेहता. पाकिस्तानच्या सीमेवर श्रीगंगानगर जिल्ह्यात हिंदुमलकोट नावाचे ठिकाण आहे, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कोचर आणि बच्छावत या कुळांतही मेहता म्हणविणारी घराणी झाली. या सर्वांचे वंशज पदवीच तेवढी लिहू लागले, तर कोण कोणत्या गोत्राचा हे कसे कळावे?

बेदमुथा हे नाव दुर्मिळ आहे, कुळ मात्र दुर्मिळ नाही, हेही ध्यानी घ्यावे. महाराष्ट्राबाहेर हे जोडनाव क्वचितच भेटते. आपल्याकडे सिन्नरच्या बेदमुथा इंडस्ट्रीज या पोलादी तारांच्या कारखान्यामुळे शेअरबाजार पाहणाऱ्यांच्या ते कानावर असते. परंतु लाडनूं-चुरूकडील आणि तेथून कोलकात्यास गेलेले बैद घ्या, बिकानेरचे वैद घ्या, ते याच कुळाचे. त्यांनी हुद्दा सोडला आणि कुळ ठेवले. आपल्याकडे ‘बेद’ काढणारे नेमके उलट करीत आहेत. हुद्दा ठेवून कुळ सोडीत आहेत.

याने काय बिघडते, ते सोयरिकीच्या वेळी दिसते. ओसवालांच्या जुन्या चालीत स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळीत. आता चार कोणी पाहत नाही, स्वतःचे तेवढे बहुतेक घरे पाहतात. ‘बेद’ काढलेल्या घरची मुलगी आणि वेगळ्या गोत्राच्या मुथांचा मुलगा यांची स्थळे समोर आली, तर दोन्हीकडचे लोक बायोडाटा पाहूनच ‘आपले एकच, भाऊबहीण’ म्हणून मागे हटतील. वास्तविक तेथे अडचण काहीच नाही. याउलट त्याच मुलीला कोलकात्याचे बैद घराण्याचे स्थळ सांगून आले, तर आडनावे निराळी म्हणून कोणी चौकशीही करणार नाही. आणि ते तर सगोत्र. गोत्र पाळावे की न पाळावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण पाळायचे ठरविल्यावर फसगत होऊ नये.

आडनावाऐवजी ‘जैन’ लिहिणाऱ्यांचीही हीच गत होते. जनगणनेत धर्माचा रकाना स्वतंत्र आहे. तेथे ‘जैन’ न चुकता लिहावे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैनांपैकी चौदा लाख महाराष्ट्रात मोजले गेले, ते त्या रकान्यावरून, आडनावावरून नव्हे.

मग या कुटुंबाने काय करावे? माझ्या मते ‘बेदमुथा’ हे एकच रूप निश्चित करून शाळेचा दाखला, आधार आणि पॅन तिन्हींवर तेच आणावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापले जाईल ते आयुष्यभर पुढे येते, म्हणून हे काम अर्जाच्या आधीच उरकावे. लांब नावाचा फारच जाच होत असेल, तर ‘मुथा’ काढून ‘बैद’ किंवा ‘वैद’ लिहिणे अधिक शहाणपणाचे. ज्या घरांनी यापूर्वीच ‘बेद’ सोडले आहे, त्यांनी बायोडाटात गोत्राच्या ओळीत ‘वैद मुहता’ असे स्पष्ट लिहावे. जुना पुरावा हवा असल्यास पेढीच्या पाटीवर तो बहुधा मिळणार नाही, कारण पेढ्या आजोबा-वडिलांच्या नावांनी चालत. भाटांच्या वह्या आणि मंदिर-स्थानकांतील देणगीदारांच्या जुन्या फरशा पाहाव्यात. मुलाला चिडविणाऱ्यांसाठी एवढे उत्तर पुरे : बेद म्हणजे डॉक्टर.

पुढील अंकी खिंवसरा या आडनावाकडे वळू. त्या नावाचे गाव व किल्ला नागौर जिल्ह्यात आहे. ज्या खिंवसरा कुटुंबांकडे महाराष्ट्रात येण्याच्या वाटेबद्दल काही लिखित टिपण असेल, त्यांनी त्याची प्रत संपादकांकडे पाठवावी, ही विनंती.