वेशीवरचे नाव आणि हातातला कागद

सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात बेडग नावाचे गाव आहे. २०२३ च्या जून महिन्यात तेथील ग्रामपंचायतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची उभी राहत असलेली स्वागत कमान पाडली. ग्रामपंचायत म्हणाली, बांधकाम बेकायदा आहे. आपले बांधव म्हणाले, ठराव झालेला आहे. जुलैत या बांधवांनी बायकामुलांसह गाव सोडले आणि न्याय मागण्यासाठी मुंबईची वाट धरली. तेव्हा काही शहाण्यांनी विचारले, दगडविटांच्या कमानीसाठी एवढे कशाला? आम्ही म्हणतो, ज्यांच्या पूर्वजांना वेशीवर कधी कुणी अडवले नाही, त्यांनाच हा प्रश्न पडू शकतो.

कमान म्हणजे गावाची वेस. ज्या समाजाला शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, तो आज वेशीवर आपल्या मुक्तिदात्याचे नाव लिहितो, हेच जातीयवाद्यांच्या डोळ्यांत खुपते. पुतळ्याचेही तेच आहे. शेजारच्या कोल्हापुरात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले व बाबासाहेबांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. भर चौकात त्यांचा पुतळा बसला, म्हणजे चौक आमचाही झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १० जणांचा बळी गेला. पुतळा नुसता दगड असता, तर ही किंमत कुणी मोजली असती काय?

आता कायद्याचे बोलू. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ व सार्वजनिक सोयीच्या जागांवर पुतळे वा बांधकामांना यापुढे परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. आदेश सर्वांना सारखा आहे, पण अंमलबजावणीची मोजपट्टी सारखी आहे काय? रस्त्यात रातोरात उभे राहिलेले देऊळ 'श्रद्धेचा प्रश्न' ठरते आणि आमची कमान मात्र 'अतिक्रमण'!

पण व्यवस्थेला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. वकिली करताना आम्ही वारंवार पाहतो की, भावनेने सुरू झालेली लढाई कागदावर हरते. ठराव झाला म्हणतात, पण सहीशिक्क्याची प्रत कुणाकडेच नसते. जागेचा उतारा काढलेला नसतो. पुतळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, हे कार्यकर्त्यांना पुतळा गावात आल्यावर कळते. संविधान देणाऱ्या महामानवाच्या अनुयायांची फाईल अपुरी असावी, हे आपल्याला शोभत नाही.

दुसरी गोष्ट दर्जाची. १४ एप्रिल गाठायचा म्हणून घाईत फायबरचा पुतळा आणायचा. चष्मा, कोट, पुस्तक आणि वर उचललेले बोट असले की झाले, चेहरा जुळो न जुळो! हा अवमान आपण आपल्याच हाताने करतो. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला मालवणचा छत्रपती शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. सत्ता पाठीशी असूनही ही गत झाली. उलट, शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला, १९६७ मध्ये संसदेच्या आवारात बसलेला बाबासाहेबांचा पुतळा पाहा. वर्गणी आपल्या कष्टकऱ्यांच्या घामाची असते, तेव्हा शिल्पकार पारखून घ्या. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.

शेवटी साताऱ्याकडे पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील ज्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले, त्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर बाल भिवाची सही आहे. कोणत्याही ब्राँझच्या पुतळ्याहून हे स्मारक उंच आहे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. म्हणून पुतळा पूजेसाठी नको, हक्काची आठवण म्हणून हवा. त्याच्या सावलीत अभ्यासिका हवी.

बांधवहो, वेशीवर नाव लिहिण्याचा हक्क सोडू नका. पण ते लिहिताना हातात कागद पक्का असू द्या आणि नाव कोरणारा हात कसबी असू द्या. मग कमान पाडायला येणाऱ्याला आधी कायद्याला उत्तर द्यावे लागेल. जयभीम!