साकोलीतल्या डावाचं रेटिंग किती?

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तुमच्याही स्टेटसवर तिचा फोटो असेल. वय १९. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत, निकाल रॅपिडच्या टायब्रेकमध्ये. त्या एका विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी.

साकोलीहून नागपूर शंभरेक किलोमीटर. आता लेक्चर संपल्यावर तुम्ही मित्रासोबत जो पट मांडता, त्याचं बघू. डाव कितीही भारी झाला तरी फिडेच्या हिशोबात तो शून्य. मोबाईलवरचे १५०० हे त्या अ‍ॅपचं रेटिंग आहे, भाऊ. फिडेचं क्लासिकल रेटिंग हवं तर स्पर्धा आधी नोंदवलेली लागते, पंच लागतो, चाली लिहाव्या लागतात आणि दोघंही १८०० च्या खाली असले तरी प्रत्येकाला किमान एक तास द्यावा लागतो. शिवाय यादीत पहिल्यांदा नाव यायला आधीच रेटिंग असलेल्यांशी किमान पाच डाव झालेले पाहिजेत. असे खेळाडू गावात आणायचे कुठून? खरी गोम इथं आहे.

समजा, तुम्ही दोघंही कसेबसे यादीत आलात, दोघंही १५०० वर. सुरुवातीचे तीस डाव झाले की तुमच्या वयाच्या खेळाडूला २० चा गुणक लागतो. म्हणजे जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याचे १० वजा. बरोबरी झाली तर कोणालाच काही नाही. एकमेकांशीच खेळत राहिलात तर गुण या खिशातून त्या खिशात. वर्षभरात दोघांचाही खेळ सुधारेल, दोघांचे मिळून आकडे मात्र तेवढेच.

खालच्या पातळीवर रेटिंग घसरतंय हे फिडेनंही मानलं. मार्च २०२४ मध्ये २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ मिळाली, १००० वाल्याचे १४०० झाले आणि १४०० हीच किमान पातळी ठरली. पण त्यानं आकडा वाढला, प्रतिस्पर्धी नाही वाढले.

मग बाहेर जाणं आलं. एंट्री फी, बसभाडं, दोन-तीन दिवस मुक्काम, वर घरचा प्रश्न: 'बुद्धिबळासाठी एवढं?' त्यापेक्षा रेटिंगवाले चार-आठ जण इकडं बोलावणं स्वस्त पडेल, असं मला वाटतं. जिल्हा संघटनेला विचारून एखादी छोटी रेटेड स्पर्धा कॉलेजातच घेता येईल. रविवारी हॉल तसाही रिकामाच असतो.