यजमान आणि पुरोहित

पंक्तींत राजकारण काढूं नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. परवां तो माझ्या पुतण्यानें व नातवानें मिळून मोडला. पुतण्या यंत्रखरेदीच्या निमित्तानें दोनदां चीनला जाऊन आलेला; नातू कायद्याचा विद्यार्थी. ताकभात येईपर्यंत वाद तिबेटावरच चालला होता. पुतण्याचें म्हणणें असें, कीं तिबेट हा शतकानुशतकें चीनचाच प्रांत असून मधल्या दुर्बळ काळांत तो जरा सैल पडला होता, इतकेंच. नातवाचें म्हणणें, कीं ज्यांची भाषा, लिपि, धर्म आणि चालीरीति निराळ्या, त्यांचें भवितव्य त्यांनींच ठरवावें. दोघांनींही निकालासाठीं माझ्याकडे पाहिलें. मीं त्या वेळीं आंचवावयास उठलों खरा, पण प्रश्न कांहीं मनांतून उठेना.

या वादाचें मूळ एका शब्दांत आहे. चीनच्या बादशहांशीं असलेल्या आपल्या जुन्या नात्याला तिबेटी लोक ‘छो-योन’ म्हणतात. पूजेस पात्र तो एक, दक्षिणा देणारा तो दुसरा. आपल्या भाषेंत पुरोहित आणि यजमान. तेराव्या शतकांत साक्य मठाचा फग्पा हा कुब्लाई खानाचा गुरु झाला, तेव्हां या नात्याला मोठें रूप आलें. यजमानानें रक्षण करावें, गुरूनें आशीर्वाद द्यावा. पुढें मंचू बादशहांनीं १७२० मध्यें ल्हासास सैन्य पाठविलें, कांहीं वर्षांनीं ‘अंबान’ नांवाचे आपले अधिकारी तेथें ठेविले, आणि १७९२ मध्यें गुरख्यांना हुसकून लावल्यावर पुढल्याच वर्षीं, थोर लामांचे अवतार सोन्याच्या कलशांतून चिठ्ठी काढून ठरवावे असें फर्मान सोडलें. पेकिंगच्या मतें ही राजसत्ता. ल्हासाच्या मतें यजमानाची सेवा. ज्या घरांत पिढीजाद भिक्षुकी झाली आहे, त्या घराला हा भेद समजावून सांगणें नको. यजमानानें घर बांधून दिलें म्हणून उपाध्याय त्याचें कूळ होत नाहीं. मात्र यजमानाचे शिपाई ओसरीवर कायमचे बसले, तर नातें पूर्वींचेंच राहिलें असेंही म्हणवत नाहीं.

पुतण्यानें बादशाही फर्मानांचा दाखला दिला, तेव्हां मला आपल्याच सनदा आठवल्या. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा शाहूमहाराजांना १७१९ मध्यें दिल्लीहूनच मिळाल्या, आणि १७८४ मध्यें महादजी शिंद्यांनीं पेशव्यांसाठीं वकील-इ-मुतलक हें पद बादशहाकडूनच मिळविलें. तेवढ्यावरून त्या काळचें पुणें दिल्लीच्या मालकीचें होतें असें कोणी सिद्ध करूं लागला, तर आपण हंसूं. जुन्या जगांत सत्तेचे पदर असत. त्यांवर आजच्या नकाशाची रेघ ओढणें हाच प्रमाद होय. तो दोन्ही बाजूंकडून होतो, हें नातवानेंही ध्यानांत घ्यावें.

मंचू राज्य कोसळल्यावर चिनी सैन्य ल्हासांतून गेलें, आणि १९१३ पासून १९५० पर्यंत ल्हासाच्या सरकारनें आपला कारभार, सैन्य व नाणें स्वतःच चालविलें, यांत संशय नाहीं. संशय आहे तो जगानें त्या स्थितीस काय नांव दिलें याविषयीं. इंग्रजांनीं १९१४ च्या सिमला परिषदेंत चीनचें अधिराज्य आणि तिबेटची स्वायत्तता अशी दुतोंडी भाषा घातली. ती भाषा ब्रिटिश सरकारनें २००८ मध्यें कालबाह्य म्हणून टाकून दिली. आपल्या सरकारनें तर १९५४ मध्येंच ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असे शब्द करारांत लिहिले. पंचशीलाचा गाजलेला करार तो हाच. पांचच वर्षांनीं, १९५९ च्या मार्चमध्यें, दलाई लामा आपल्या सरहद्दीवर आश्रयार्थ येऊन उभे राहिले. आश्रय दिला, हें आपल्याला शोभलें. शब्द मात्र परत घेतला नाहीं.

पुतण्याची एक गोष्ट खरी आहे. जुना तिबेट म्हणजे तपोवन नव्हे. जमीन सरकारची, सरदारांची आणि मठांची. ती कसणाऱ्यांपैकीं पुष्कळांना धन्याच्या अनुज्ञेवांचून गांव सोडतां येत नसे. चिनी राज्यांत रस्ते झाले, दवाखाने झाले, २००६ मध्यें ल्हासापर्यंत आगगाडी पोंचली. पण सुधारणा घडवूं पाहणाऱ्या तिबेट्यांचें त्याच राज्यानें काय केलें? फुन्त्सोग वांग्याल हा तिबेटांतील पहिल्या साम्यवाद्यांपैकीं एक. १९५१ च्या सतरा कलमी कराराच्या वाटाघाटींत दुभाष्या होता. त्याला १९६० पासून अठरा वर्षें तुरुंगांत डांबलें. आणि आगगाडी आणील तो घरधनी, असा न्याय असेल, तर १८५३ मध्यें ठाण्यास गाडी नेणाऱ्या इंग्रजांना आपण घालविलें कशासाठीं?

इकडे नातवालाही एक गांठ सोडवावी लागेल. खुद्द तिबेट्यांचें एकमत नाहीं. दलाई लामांनीं १९८८ मध्यें स्ट्रासबर्ग येथें, परराष्ट्रव्यवहार चीनकडे ठेवून स्वायत्तता मागितली, ती अनेक तरुणांना शरणागति वाटली. १९७० मध्यें स्थापन झालेल्या तिबेटी युवक काँग्रेसचें ध्येय पूर्ण स्वातंत्र्यच आहे. २००२ पासून २०१० पर्यंत वाटाघाटींच्या नऊ फेऱ्या झाल्या. हातीं कांहीं आलें नाहीं. तेव्हां आत्मनिर्णय म्हणजे स्वातंत्र्यच, असें आपण इथें पाटावर बसून ठरविणें बरें नव्हे.

मला शिक्षकाला खुपतें तें वेगळेंच. संयुक्त राष्ट्रांच्या तिघा तज्ज्ञांनीं २०२३ मध्यें अशी चिंता व्यक्त केली, कीं सुमारें दहा लक्ष तिबेटी मुलें घरापासून दूर निवासी शाळांत चिनी भाषेंत वाढत आहेत. चीनला हा आक्षेप मान्य नाहीं. पण मातृभाषा सुटलेलें मूल पुढें काय निवडणार? आपल्याकडे लुप्त झालेले कित्येक संस्कृत ग्रंथ याच भाषेंतील भाषांतरांनीं आणि याच देशांतल्या मठांनीं जपले. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या मूळ कारिका पुण्याचे प्राध्यापक वा. वि. गोखले यांनीं १९४६ मध्यें छापल्या, त्या राहुल सांकृत्यायनांना तिबेटांत सांपडलेल्या पोथीवरूनच. गोंदिया जिल्ह्यांत नॉर्ग्येलिंग येथें १९७२ पासून तिबेट्यांची वसाहत आहे. तेथल्या मुलांना ती लिपि गिरवतां येते, ल्हासाकडील मुलांना मात्र तिच्यासाठीं झगडावें लागतें, हा उलटा प्रकार झाला.

दुसऱ्या दिवशीं मींच दंडक मोडला. दलाई लामा २०२५ च्या जुलैमध्यें नव्वद वर्षांचे झाले, आणि आपला पुढला अवतार आपलीच संस्था ओळखील असें त्यांनीं जाहीर केलें. चीनचें म्हणणें, कलश आमचा आणि मान्यताही आमची. ईश्वर न मानणाऱ्या त्या सरकारनें २००७ पासून पुनर्जन्मालाही परवानगीचा नियम केलेला आहे. मीं पुतण्याला विचारलें, “या बाबतींत निवड कोणाची?” तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “काका, हें मात्र यजमानाचें काम नव्हे.” नातू हंसला, आणि सूनबाईंनीं भात वाढला.