उन्हाळी टोमॅटोची एक ओळ घरासाठी

मे महिन्यात भाकरी, मीठ, कांदा आणि झाडावरून नुकताच तोडलेला टोमॅटो एवढ्यावर दुपारचे जेवण निभते, हे ग्रामीण घरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. नवल वेगळेच आहे. टोमॅटोचे एकरी उत्पादन ज्यांना तोंडपाठ असते, अशा कित्येक बागायतदारांच्या घरीही जेवणात येतो तो प्रतवारीत मागे पडलेला, जाड सालीचा, बाजारासाठी घडवलेला टोमॅटो. विस्तारकार्याने ही बाब क्षुल्लक मानणे योग्य नव्हे.

बाजारचा टोमॅटो वाईट असतो, असे मुळीच नाही. मदनपल्ले किंवा नारायणगाव येथून निघालेल्या क्रेटला भर उन्हात शेकडो किलोमीटर जायचे असते. त्या फळाला टणकपणा हवाच. बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकर पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो, शिवाय दूरच्या वाहतुकीतही टिकतो. व्यापारी शेतीसाठी हे मोठेच योगदान आहे. मात्र टणकपणा आणि एकसारखा रंग यांमागे धावताना जगभरात चव मागे पडली. कच्च्या फळाच्या देठाजवळचा गडद हिरवा पट्टा नको, म्हणून पैदासकारांनी सुमारे सत्तर वर्षे फिकट हिरव्या फळांची निवड केली. या निवडीबरोबर फळातील हरितलवके घटतात आणि पर्यायाने साखरही कमी होते, हे २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

घरच्या झाडाला यांपैकी कोणतेही ओझे नसते. त्याचे फळ परसातून स्वयंपाकघरापर्यंत टिकले म्हणजे पुरे. किंचित कंगोरे असलेल्या चपट्या-गोल ‘पुसा रूबी’सारखा जुना सरळ वाण तेथे आजही शोभतो, त्याचे बीही घरी धरता येते. तो विषाणूला लवकर बळी पडतो, हे खरे. म्हणून रोपे बारीक जाळीखाली वाढवून पांढरी माशी दूर ठेवावी लागते.

खरी अडचण वेळेची आहे. परसबागेच्या बियाण्यांची पाकिटे बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर वाटली जातात. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत सुमारे दीड महिना लागतो; म्हणजे मेमधील फळ मार्चच्या फुलातच ठरलेले असते. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे आणि रात्रीचे २५ च्या आसपास राहू लागले, की परागकण निकामी होऊन फुले गळतात. मग खत वाढवून काही साधत नाही. रोपे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी जमिनीत हवीत. मोरीचे पाणी परसात सोडण्याची जुनी रीत अळू-केळीला मानवते. साबणाचे ते पाणी टोमॅटोला देऊ नये. कधी कोरडे, कधी तुडुंब असे पाणी दिल्यास फळाच्या बुडाशी काळा डाग पडतो. थोडे, नियमित पाणी आणि पाचटाचे आच्छादन पुरेसे ठरते.

‘झाडावर पूर्ण पिकलेलेच उत्तम’ हा समज मात्र उन्हाळ्यात तपासून घ्यावा. तीस अंशांच्या पुढे लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, नीट तयार होत नाही. फळ पिवळट-नारिंगी राहते. थेट उन्हातील फळ तर हवेपेक्षाही अधिक तापते आणि भाजते. म्हणून खालची पाने ओरबाडू नयेत, दुपारी पातळ सावली करावी आणि रंग फुटलेली फळे तोडून घराच्या थंड भागात पिकू द्यावीत.

अशा चार-दहा झाडांनी बाजारभाव हलत नाहीत, आणि तसे आश्वासनही कोणी देऊ नये. २०२३ च्या उन्हाळ्यात मातीमोल झालेला टोमॅटो जुलैत अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांपुढे गेला. त्यावर उपाय परसात नाही. परंतु घरची ओळ वेगळी असली की फवारलेल्या शेतातील फळ प्रतीक्षाकाळ संपण्यापूर्वी ताटात येण्याचा धोका टळतो. कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रात्यक्षिकांत उत्पादन आणि रोगप्रतिकार यांच्या रकान्यांशेजारी चवीचा रकाना असावा, आणि तो भरण्यासाठी गावातील स्त्रियांना फळे कापून खायला द्यावीत. वाणाची निवड घरासाठी होत असेल, तर हा अधिकार त्यांचाच आहे.

फळे तोडल्यानंतरची एक सूचनाही या प्रात्यक्षिकांत हवी. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की पाच अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोतील सुगंधी द्रव्ये घटतात आणि फळ पुन्हा बाहेर ठेवल्यावरही पुरती परतत नाहीत. साखर व आंबटपणा मात्र तसेच राहतात, त्यामुळे फळ बिघडल्याचे लक्षात येत नाही. माजघरातील टोपलीत, देठाची बाजू खाली करून, एकेरी थरात ठेवलेली फळे दोन-चार दिवसांत संपवावीत.