भंगारात देण्याआधी

शाबान महिन्यात एका संध्याकाळी आमची धाकटी बहीण घरी आली. चहा समोर ठेवला तरी तिने कपाला हात लावला नाही. म्हणाली, "भाईजान, आता तुम्हीच समजवा याला. माझं तर ऐकतच नाही."

भाचा एकोणीस वर्षांचा आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला नवी स्पोर्ट्‌स बाइक हवी होती. पैसे नाहीत, म्हणून हप्त्याने घेऊ म्हणत होता. हप्ता म्हणजे व्याज, आणि त्याचे अब्बा हयात असेपर्यंत त्या घरात व्याजाचा व्यवहार कधी झाला नव्हता. पण बहिणीची खरी भीती वेगळी होती. आमच्या गावाबाहेरच्या बायपासवर इशानंतर मुले गाड्या पळवतात. गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर मोहल्ल्यातला एक मुलगा गेला. त्याच्या जनाजाला आम्ही खांदा दिला होता आणि भाचाही आमच्या शेजारीच चालत होता. तरीही त्याला तीच गाडी हवी होती.

आम्ही उपदेश केला नाही. उपदेश त्याच्या अम्मीने पुष्कळ केला होता. दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही त्याला जुन्या स्टँडमागच्या मिस्त्रीचाचांकडे नेले. चाचांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. दोन्ही मुलगे आखातात नोकरीला आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये चाचा एकटेच असतात आणि त्यांच्याभोवती सहा-सात जुन्या जावा-येझदी. कुणाला टाकी नाही, कुणाला चाक नाही. चाचांनी भाच्याला एक गाडी दाखवली आणि म्हणाले, "बेटा, हिला किक मारून दाखव, आणि मग गिअर टाक."

भाच्याने किक मारली. गाडी सुरू झाली नाही, पण तो गिअरचा दांडा शोधत राहिला. तो वेगळा नव्हताच. येझदीत किकचा दांडा आत दाबून पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो. गिअर टाकताना क्लचही आपोआप सुटतो. भाचा खाली बसून ती रचना पाहत राहिला. मगरिबची अजान झाली तेव्हा कुठे उठला. वाटेत त्याने विचारले, "मामू, या गाड्यांची कुणी रेस लावतं का?"

लावतात. जगभर लावतात, आणि मातीत लावतात. त्या रात्री आम्ही त्याला जे सांगितले ते इथे लिहीत आहोत. ज्या घरांत मुलगा गाडीसाठी हट्ट धरून बसला आहे, त्या घरांना त्याचा उपयोग होईल असे वाटते.

खडबडीत रानातून, चिखलातून, चढ-उतारांवरून मोटारसायकल पळवण्याची शर्यत इंग्लंडमध्ये १९२४ साली कॅम्बर्ली इथे भरली. तिला 'स्क्रॅम्बल' म्हणत. पुढे युरोपात ती 'मोटोक्रॉस' झाली. सुरुवातीच्या गाड्या वजनदार, चार स्ट्रोकच्या असत. १९६० नंतर स्वीडनच्या हुस्कवर्ना आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड या हलक्या, दोन स्ट्रोकच्या गाड्यांनी जड गाड्यांना मागे टाकले. १९६४ साली बेल्जियमचा जोएल रॉबेर सीझेडवर २५० सीसी गटाचा विश्वविजेता झाला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. म्हणजे आमच्या भाच्याहून एकच वर्ष मोठा.

अमेरिकेत हा खेळ रुजवण्यात एका आयातदाराचा मोठा हात होता. एडिसन डाय हे त्याचे नाव. त्याने १९६६ साली स्वीडनच्या टॉर्स्टन हालमनला अमेरिकेत आणले. हालमन कसा चालवतो ते पाहून तिथल्या तरुणांना प्रथमच कळले की मातीत गाडी अशीही पळते. १९६८ साली यामाहाची डीटी-१ आली आणि सामान्य माणसाला परवडेल अशी मातीतली गाडी दुकानात दिसू लागली. १९७१ साली ब्रूस ब्राउन यांचा 'ऑन एनी संडे' हा माहितीपट आला. त्यात स्टीव्ह मॅक्वीनसारखा मोठा नट आहे. पण सुरुवात होते ती सायकली मातीत उडवणाऱ्या लहान पोरांनी. ज्या मुलांनी तो चित्रपट पाहिला, त्यांना वाटले, ही तर आपलीच गोष्ट आहे.

त्यांतल्या बहुतेक मुलांना तेव्हा गाडी मिळाली नाही. ज्यांना मिळाली, त्यांची ती लवकरच जुनी झाली. १९७३ नंतर दर वर्षी नवे काही तरी निघत होते. शॉकअप लांब झाले, चाकांची वर-खाली हालचाल वाढली, पुढे पाण्याने थंड होणारी इंजिने आणि डिस्क ब्रेक आले. तीन वर्षांपूर्वीची विजेती गाडी शर्यतीत निरुपयोगी ठरू लागली. अशा गाड्या शेडमध्ये, गोठ्यात, घराच्या मागच्या पडवीत गेल्या आणि त्यांच्यावर पोती, डबे, कोंबड्यांची खुराडी चढली.

वर्षे गेली. ती मुले नोकरीला लागली, बाप झाली. कुणाला वडील वारल्यावर शेड साफ करताना स्वतःचीच जुनी गाडी सापडली. कुणी लहानपणी दुकानाच्या काचेतून पाहिलेली गाडी कवडीमोलाने विकत घेतली. कुणाचा शेजारी म्हणाला, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. या छंदात बहुतेक लोक असेच शिरतात. शर्यत नंतर येते. आधी येते गंजलेले इंजिन, अडकलेला पिस्टन आणि कुठेच न मिळणारा एखादा वायसर. गाडी चालू व्हायला वर्ष-दोन वर्षे जातात. ती चालू झाली की मनात येते, ज्या कामासाठी ही बनली तिथे एकदा नेऊन पाहावी.

आणि इथेच भाच्याने कान टवकारले. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत वेग वाढवायचे नाही, वेग आवरायचे नियम असतात. इंग्लंडमध्ये 'प्री-६५' नावाचा वर्ग आहे. १९६५ पूर्वीच्या घडणीचीच गाडी त्यात चालते. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या 'विंटेज' मोटोक्रॉस वर्गात पुढच्या चाकाची हालचाल सात इंचांपेक्षा आणि मागच्या चाकाची चार इंचांपेक्षा जास्त चालत नाही. हिशेब सरळ आहे. शॉकअप जितका लांब, तितकी उडी उंच आणि वेग अधिक. मग पडल्यावर हाडही मोडणार. पन्नाशीचा माणूस सोमवारी कामावर जाऊ शकला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

हे सांगताना आम्हाला मदिनेतल्या शर्यतीची आठवण झाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात घोड्यांच्या शर्यती होत, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. तयार केलेले घोडे हफ्यापासून सनिय्यतुल वदापर्यंत धावत. ज्यांची तशी तयारी झालेली नव्हती, त्यांच्यासाठी सनिय्यापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंतचे जवळचे अंतर ठेवले होते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनीही त्यात घोडा पळवला होता. खेळाला मनाई नव्हती. पण ज्याची जितकी तयारी, तितकेच अंतर, हे पाहिले जात होते. शर्यतीवर पैसे लावणे हा जुगार आहे आणि तो हराम आहे, हे वेगळे सांगायला नको. पण ज्या रस्त्यावर ट्रक, म्हातारी माणसे आणि शाळेच्या रिक्षा चालतात, तिथे गाडी पळवणे हा खेळच नव्हे. मदिनेतल्या शर्यतीला सुरुवातीची जागा होती आणि शेवटचीही. बायपासला दोन्ही नाहीत.

'ऑन एनी संडे'मधला एक माणूस आम्हाला मॅक्वीनपेक्षा मोठा वाटतो. मर्ट लॉविल हा १९६९ चा अमेरिकेचा विजेता. चित्रपटात तो विजेतेपद राखायला निघतो आणि राखू शकत नाही. गाडी पुन्हा पुन्हा दगा देते. पण लॉविल स्वतः उत्तम कारागीर होता. पुढे त्याने शर्यतीच्या अपघातात हात गमावलेल्या एका जुन्या सोबत्यासाठी असा कृत्रिम हात बनवला, की त्याला पुन्हा हँडल धरता यावे. नंतर तसे हात इतरांनाही मिळू लागले. विजेतेपद त्याच्याकडे एकच वर्ष राहिले, हुनर मात्र दुसऱ्यांच्या कामाला आला.

आता आपल्याकडे येऊ. ज्या सीझेडवर रॉबेर जिंकला, तिची सख्खी चुलतबहीण म्हणजे जावा. दोघी चेकोस्लोव्हाकियाच्या. जावाचा परवाना घेऊन फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. पुढे तिचे नाव येझदी झाले. इराणमधल्या यझ्द शहरावरून ते आले. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, पूर्ण झाकलेली साखळी आणि लांबूनच ओळखू येणारा आवाज. १९८५ ला कमी पेट्रोलवर चालणारी, चार स्ट्रोकची हिरो होंडा आली आणि घराघरात हिशेब बदलला. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. येझदी पडव्यांमध्ये गेल्या, जशा तिकडे डर्ट बाइक गेल्या होत्या.

आमच्या अब्बांचीही येझदी होती. ईदच्या नमाजला आम्ही तिघे भावंडे तिच्यावर बसून ईदगाहला जात असू. धाकटा टाकीवर, आम्ही दोघे मागे. अब्बांच्या इंतकालानंतर काही वर्षे ती जिन्याखाली उभी होती. मग घराला रंग द्यायचा होता, जागा हवी होती. आम्ही ती भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली. त्याने तराजूवर चढावी म्हणून हँडल तिथेच कापले. आता जुलैच्या दुसऱ्या रविवारी पुण्यासारख्या शहरांत जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात, तेव्हा तो कापण्याचा आवाज आम्हाला आठवतो. गाडी गेली त्याहून जास्त वाईट याचे वाटते की तिची दुरुस्ती अब्बा स्वतः करत आणि आम्ही एकदाही शेजारी बसून पाहिले नाही.

म्हणून वाचकांना थोडे कामाचे सांगतो. घरात जुनी गाडी असेल तर विकण्याआधी तिची कागदपत्रे शोधा. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. विकत घ्यायची असेल तर कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. चोरीचा माल घरात आणून बरकत येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर ती तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राने वेगळी 'विंटेज' नोंदणी सुरू केली आहे. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे असतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. सुटे भाग पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला आणि चोर बाजारात शोधावे लागतात. सगळे एकदम घेऊ नका. आधी इंजिन, मग ब्रेक, मग वायरिंग. रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी. नाहीतर पैसा चमकण्यावर जातो आणि गाडी उभीच राहते. तो इस्राफ झाला.

मातीत चालवायचीच असेल तर बंद मैदानावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, गुडघ्यांना संरक्षण. हे नसेल तर तो दिवस घरी बसावे.

भाच्याचे काय झाले? नवी गाडी आलेली नाही. हट्ट पूर्ण सुटला असेही आम्ही म्हणणार नाही. मोठ्या रस्त्यावरून तशी एखादी गाडी गेली की त्याची मान अजून वळते. पण चाचांनी त्याला एक सांगाडा दिला आहे. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "दुकानाचं काम शिक, तीच किंमत." गेले तीन महिने तो असरनंतर तिथे असतो. सिलिंडर बोअर करून आणला. स्पोक स्वतः आवळले, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा रिम सरळ फिरली. गेल्या आठवड्यात सायलेन्सरमधला काजळीचा थर काढायला कॉस्टिक सोड्यात ठेवले. चाचांनी आधी त्याच्या हातात रबरी मोजे घातले आणि त्याला लांब उभे केले. चाचा आता म्हणतात, "पॉइंटची सेटिंग तो माझ्यापेक्षा बारीक बघतो. माझी नजर गेली."

बहीण परवा विचारत होती, गाडी कधी सुरू होणार? आम्ही म्हटले, ईदपर्यंत, इन्शाअल्लाह. ती म्हणाली, "झाली नाही तरी घाई नको, भाईजान. रोज मगरिबला घरी येतो. हात काळे असतात, पण येतो."

तुमच्या जिन्याखाली काही उभे असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या मुलाला एकदा हाक मारा. आणि गल्लीतला म्हातारा मिस्त्री अजून असेल, तर त्याच्याकडे आजच जा.